कड्यावरची दोन गाणी

एखादा चित्रपट तीनदा पाहिला असे आपण म्हणतो, तेव्हा तोच चित्रपट तीनदा पाहिला असे आपल्याला म्हणायचे असते. 'द विकर मॅन'च्या बाबतीत ते खरे नाही. मी तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा तो निराळा होता. एकदा सुमारे ८८ मिनिटांचा, एकदा जवळजवळ १०० मिनिटांचा, आणि शेवटी ९४ मिनिटांचा. या दहाबारा मिनिटांच्या फरकावरून शहाणीसुरती माणसे रात्री अकरापर्यंत भांडताना मी पाहिली आहेत. मीही त्यांच्यात बसून भांडलो आहे. संपादकांनी 'परदेशातील अनुभव' यावर लिहा असे कळवले होते. बर्फ, वस्तुसंग्रहालये आणि वेळेवर सुटणाऱ्या गाड्या यांवर पूर्वीच्या अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. माझ्या पदरात पडलेला खरा अनुभव म्हणजे हे भांडण.

२०१३ च्या सप्टेंबरात मी एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी ग्लासगोला पोचलो. खोलीत हीटर होता, पण त्याचे बिल बघून थंडी बरी वाटे. संध्याकाळी ऊब आणि माणसे एकाच ठिकाणी फुकट कुठे मिळतील, याचा शोध घेताना सूचनाफलकावर एक चिठ्ठी दिसली : दर मंगळवारी अमक्या पबच्या मागच्या खोलीत जुन्या ब्रिटिश चित्रपटांवर गप्पा. मी गेलो. संत्र्याचा रस मागवून कोपऱ्यात बसलो. तेथे नऊदहा माणसे होती आणि ती सगळी एकाच चित्रपटावर बोलत होती. पुढच्या मंगळवारीही त्याच. मग कळले की मंडळाचे नाव काहीही असो, त्याचे दैवत एकच आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. शेवट सांगितल्याशिवाय पुढे बोलताच येणार नाही, त्याबद्दल माफी असावी. सार्जंट हाउई हा स्कॉटलंडचा एक पोलीस अधिकारी. त्याला निनावी पत्र येते की समरआयल नावाच्या बेटावरून रोवन मॉरिसन ही लहान मुलगी नाहीशी झाली आहे. तो एकटाच समुद्रविमानाने बेटावर उतरतो. बेटावरचे लोक हसतमुख, गात्या गळ्याचे, आणि पक्के खोटारडे. अशी मुलगीच नाही म्हणतात. तेथे ख्रिस्ती धर्म उरलेला नाही. सूर्याची, झाडांची, बागांची पूजा चालते. हाउई कडवा ख्रिस्ती, वाग्दत्त वधूशी लग्न होईपर्यंत ब्रह्मचर्य पाळणारा. त्याला हा सारा प्रकार किळसवाणा वाटतो. गेल्या वर्षी बेटावरचा सफरचंदाचा हंगाम बुडाला, आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या मुलीचा बळी जाणार आहे, असा तर्क तो बांधतो. तर्क निम्मा खरा ठरतो. बळी जाणार असतो, पण मुलगी नुसते आमिष असते. समुद्राकाठच्या कड्यावर बुरुडाने टोपली विणावी तसा फोकांचा विणलेला एक अवाढव्य माणूस उभा असतो. त्याच्या पोटात जनावरांबरोबर हाउईला कोंडतात आणि खालून आग लावतात. आत तो आपले तेविसावे स्तोत्र म्हणत असतो. बाहेर सारा गाव हातात हात गुंफून, डुलत डुलत 'समर इज इकुमेन इन' हे तेराव्या शतकातले उन्हाळ्याच्या आगमनाचे गाणे गात असतो. शेवटी त्या आकृतीचे जळते मस्तक कोसळते आणि मागे मावळता सूर्य दिसतो. संपले.

रॉबिन हार्डीने दिग्दर्शित केलेला आणि अँथनी शॅफरने लिहिलेला हा चित्रपट १९७३ च्या डिसेंबरात लागला, तोही स्वतंत्र नव्हे. 'डोन्ट लुक नाऊ' या चित्रपटाला जोडून, एका तिकिटात दोन, असा. वितरकांना तो कसा विकावा हेच कळेना. त्यांनी तो कापला. कापलेले मूळ चित्रण पुढे सापडेना. ते डबे स्टुडिओतून भरावाच्या कचऱ्यात गेले आणि आता एम-३ या महामार्गाखाली गाडलेले आहेत, अशी आख्यायिका आहे. लांब आवृत्तीची एक प्रत अमेरिकेत रॉजर कॉर्मन या निर्मात्याकडे गेली होती, म्हणून ती वाचली. पुढे २०१३ मध्ये, चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, हार्वर्डच्या संग्रहातल्या एका प्रतीवरून दिग्दर्शकाच्या पसंतीची 'अंतिम' आवृत्ती निघाली. अंतिम हा शब्द मंडळात कोणी गंभीरपणे घेत नसे.

मंडळातल्या ज्येष्ठ सभासदाने तो १९७३ सालीच, एका तिकिटातला दुसरा म्हणून पाहिला होता. साठीचे गृहस्थ, जहाजांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिकडे साठीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नसे, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणे. काका छोट्या आवृत्तीचे कैवारी. त्यांचे म्हणणे असे की हाउई बेटावर एकच रात्र राहिला पाहिजे. छोट्या आवृत्तीत तसेच आहे. लांब आवृत्तीत तो दोन रात्री राहतो आणि सापळ्याचा ताण सैल पडतो. त्यांच्या समोर बसणारी साहित्याची एक विद्यार्थिनी यावर चिडून उठे. दोन रात्री पाहिजेतच, म्हणे. पहिल्या रात्री खाणावळवाल्याची मुलगी विलो एका पोराला आपल्या खोलीत घेते आणि खाली सारे 'जेंटली जॉनी' हे गाणे गातात. दुसऱ्या रात्री ती भिंतीपलीकडून हाउईला बोलावते. तो घामाघूम होतो, पण दार उघडत नाही. ती त्याला मोहात पाडत नव्हती, वाचवत होती. बळी अस्पर्श पाहिजे. तो दार उघडून गेला असता तर बळी म्हणून निकामी झाला असता आणि जिवंत राहिला असता. हे पहिल्या रात्रीशिवाय कसे कळणार?

"म्हणजे त्याला त्याच्या सद्गुणाने मारले," काका म्हणत.

"त्याच्या हट्टाने," ती म्हणे.

हा वाद त्या दोघांत किती वर्षे चालू होता कोण जाणे. मला मात्र तो नवा होता आणि मी घरी जाताना रस्ताभर दोन्ही बाजूंनी तो स्वतःशीच लढवीत असे.

खरी जुंपे ती संगीतावरून. मंडळात एक फिडल वाजवणारा पोरगा होता. विशी उलटलेली, बोटे लांब, बोलणे कमी. चित्रपट संगीताभोवती बांधलेला आहे, संगीत चित्रपटाभोवती नव्हे, हे त्याचे मत. त्याचे संगीत पॉल जोव्हानीने केले. जोव्हानी मूळचा अमेरिकन, आणि नाटकातला माणूस. त्याने रॉबर्ट बर्न्सच्या शब्दांना चाल लावून 'कॉर्न रिग्ज' केले, जुन्या गीतांचे तुकडे उचलले, काही स्वतः रचले, आणि तरुण वादकांचा एक ताफा जमवला. त्यातले काही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून आलेले. ताफ्याचे नाव मॅग्नेट. गिटार, फिडल, रेकॉर्डर, कॉन्सर्टिना. पंचवीस वर्षे या संगीताची तबकडीच निघाली नव्हती. १९९८ मध्ये पहिली निघाली, तीही चित्रपटाच्या ध्वनिफितीवरून उतरवलेली, मधून मधून चित्रपटातले आवाज ऐकू येणारी. ती त्या पोराकडे होती आणि तो तिला धूळसुद्धा लागू देत नसे. २००२ मध्ये स्वच्छ प्रत निघाली. तिला तो 'आंघोळ घातलेली' म्हणे.

एकाने विचारले, "अमेरिकन माणसाने १९७२ साली रचलेल्या गाण्यांना लोकसंगीत कसे म्हणायचे?" प्रश्न वाजवी होता. त्यावर पोराने दिलेले उत्तर मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले. तो म्हणाला, बेटावरचा धर्म तरी कुठे जुना आहे? चित्रपटातच सांगितले आहे की लॉर्ड समरआयलच्या आजोबाने एकोणिसाव्या शतकात ते ओसाड बेट विकत घेतले, नव्या जातीची सफरचंदे आणली, आणि लोक झटून कामाला लागावेत म्हणून त्यांचे जुने देव त्यांना परत दिले. म्हणजे पुस्तके वाचून तयार केलेला धर्म. मग त्याला पुस्तके वाचून तयार केलेलेच संगीत शोभणार. ते अगदी अस्सल असते तर खोटे वाटले असते.

पुस्तके म्हणजे मुख्यतः फ्रेझरचे 'द गोल्डन बाऊ'. १८९० मध्ये निघालेल्या त्या ग्रंथातून चित्रपटकर्त्यांनी बळी, वसंतोत्सव आणि धान्यदेवता यांची सामग्री घेतली. फ्रेझर जन्माने ग्लासगोचाच, हे काका दर महिन्याला एकदा तरी सांगत. त्याचे सिद्धान्त आजचे मानववंशशास्त्रज्ञ फारसे मानीत नाहीत, हे ते सांगत नसत. फोकांच्या माणसाची कल्पना त्याहून जुनी आहे. गॉल लोक असल्या आकृतीत माणसे भरून जाळीत, असे ज्युलियस सीझरने लिहिले आहे. पण तो त्यांचा शत्रू होता, आणि शत्रूने लिहिलेल्या हकिगतीवर किती विसंबावे हा प्रश्नच आहे.

विलोचे गाणे पडद्यावर ब्रिट एकलंड गाताना दिसते, पण आवाज तिचा नाही. ती स्वीडिश, तिचे संवादही दुसरीने म्हटले. गाणाऱ्या बाईचे नाव कोणते यावर चाहत्यांत वर्षानुवर्षे तंटे झाले. आता रेचल व्हर्नी हे नाव सर्वसाधारणपणे मान्य आहे. मंडळात मात्र एक गृहस्थ अजूनही मान हलवीत. जोव्हानी स्वतः खाणावळीच्या त्या दृश्यात 'जेंटली जॉनी' गातो, आणि नेमके तेच दृश्य छोट्या आवृत्तीतून कापलेले आहे. म्हणजे ज्याने चित्रपटाला आवाज दिला त्याचाच आवाज कापला गेला. तो १९९० मध्ये वारला. आपल्या गाण्यांची तबकडी त्याला पाहायला मिळाली नाही. हे सांगताना फिडलवाला पोरगा खिडकीबाहेर बघत असे.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मला तो लिहायची गरज नव्हती.

आमच्याच मजल्यावर, सामाईक स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत नगरच्या एक बाई राहत. तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. मराठी ऐकल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिठले करून घातले, तेव्हापासून त्या माझ्या ताई. ताई ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. त्यांच्या घरात चार पिढ्या झालेल्या. त्यांच्या आजीला टिळकांची भजने टाळ-पेटीवर म्हणायची सवय. रविवारी ताई मंदिरात जात आणि येताना माझ्यासाठी वर्तमानपत्र आणत.

ऑक्टोबरात ती ९४ मिनिटांची आवृत्ती जवळच्या चित्रगृहात लागली. मंडळाने चाळीस तिकिटे काढली होती. एक शिल्लक होते, म्हणून मी ताईंना म्हटले, "चला. संगीत फार छान आहे." एवढेच सांगितले. शेवट सांगितला नाही. शेवट सांगणे चाहत्यांच्या शिस्तीत बसत नाही ना.

चित्रगृह भरलेले होते. पुष्कळांना संवाद पाठ होते. खाणावळीतल्या गाण्याला लोकांनी पायाने ठेका धरला, विलोच्या गाण्याला शांतता झाली, मिरवणुकीला हशा पिकला. भीती अशी कोणालाच वाटत नव्हती. काका म्हणत तेच खरे, की एरवीच्या भयपटांत अंधार असतो. ह्यात सगळे लख्ख उजेडात घडते आणि लोक गात असतात. मग तो कडा आला. आग लागली. पडद्यावरचे लोक हात गुंफून डुलू लागले आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या पोरांनीही हात गुंफले. गाणे सुरू झाले तसे सारे चित्रगृहच गाऊ लागले. मला ते तोपर्यंत पाठ झालेले. मीही गायलो. डावीकडच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून डुललोदेखील. खोटे कशाला सांगू, परदेशात आल्यापासून इतके आपलेपण मला कधी वाटले नव्हते.

उजवीकडे ताई होत्या. दिवे लागल्यावर पाहिले तर त्या सरळ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

बसमध्ये त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी दूध तापत ठेवले. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजी गेली तेव्हा आम्ही तेच स्तोत्र म्हणत होतो. मराठीत. शेवटी शेवटी तिला शब्द उच्चारता येत नव्हते, नुसते ओठ हलायचे. आज त्या माणसाचे ओठ हलत होते ना, तेव्हा मला त्याचे शब्द ऐकायचे होते. तुम्ही ऐकूच दिले नाहीत."

मी म्हटले, "ताई, तो चित्रपट आहे. आणि दिग्दर्शक काही त्या बेटावाल्यांच्या बाजूचा नाही."

"दिग्दर्शकाचं मी कुठं म्हणते? तू पण डुलत होतास. मी बघितलं ना."

दूध उतू गेले. ते पुसण्यात बोलणे राहिले.

पुढच्या मंगळवारी मी हा आक्षेप ताईंचे नाव न घेता मंडळापुढे ठेवला. मला वाटले होते चटकन उत्तर मिळेल. तसे झाले नाही. खोलीत प्रथम जरा अवघडलेपण आले. मग ती विद्यार्थिनी म्हणाली की हाउईही काही साधा नाही. तो लोकांच्या घरांत घुसतो, मुलांना दटावतो, दुसऱ्याच्या श्रद्धेला घाण म्हणतो. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी असे चित्रपटाने फार थोडे ठेवले आहे. काका म्हणाले, थोडे नाही. मोडक्या देवळाच्या आवारात तो फळांच्या खोक्याच्या फळ्यांचा क्रूस करून ठेवतो, ते आठवा. शेवटी तो लॉर्डला बजावतो की पुढच्या वर्षी पीक पुन्हा बुडाले तर हे लोक तुलाच जाळतील. तेव्हा क्रिस्टोफर लीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटते ते पाहा. तो एकटा खरे बोलतो, आणि त्या लॉर्डला ते कळते. "१९७३ साली," काका म्हणाले, "आम्ही कोणी गायलो नव्हतो. दिवे लागले आणि आम्ही गुमान घरी गेलो. गायला नंतर लागलो. केव्हापासून, ते आठवत नाही."

ते खरेच होते. जो चित्रपट लोकांना घाबरवण्यासाठी केला, त्याचाच हळूहळू उत्सव झाला. या शतकाच्या पहिल्या दीड दशकात त्याच गॅलोवे भागात त्याच्या नावाने मोठा संगीतमेळा भरत असे आणि त्यात फोकांचा माणूस जाळीत. आत कोणी नसलेला, अर्थात. बरो हेडच्या कड्यावर चित्रीकरणातल्या आकृतीच्या पायांचे खुंट कित्येक वर्षे उभे होते, तेही कोणीतरी चोरून नेले. भक्ताने प्रसाद न्यावा तसे.

फिडलवाला पोरगा एवढेच म्हणाला, "चाल सुंदर आहे. तोच तर सापळा आहे. हाउई शेवटपर्यंत त्यात सापडत नाही. आपण सापडतो."

त्या रात्री मला झोप लागेना. ताईंचे वाक्य टोचत होते हे खरे, पण त्याखाली आणखी काही होते आणि ते वर यायला मध्यरात्र झाली.

आमचे गाव रत्नागिरीकडचे. शिमग्याला होम पेटला की भोवती फिरत बोंब मारायची, हे पोरांचे वर्षातले सर्वांत मोठे सुख. मी सातवीत असताना गावकीने एका घराला वाळीत टाकले होते. कारण जमिनीचे काही होते. मला तेव्हा कळले नाही आणि पुढे मी विचारले नाही. त्या वर्षी होम शांत झाल्यावर सगळी पोरे ढोलासकट त्या घरासमोर गेली. फाका म्हणायच्या त्या म्हटल्या. घराचे दार बंद, आत दिवा. त्या घरातला मुलगा माझ्या बाकावर बसत असे. मला त्याच्याबद्दल राग नव्हता, द्वेष नव्हता, काहीच नव्हते. ढोलाचा ठेका होता आणि दोन्ही बाजूंना खांदे होते. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला नाही, त्यानंतरही बरेच दिवस आला नाही, आणि आला तेव्हा वेगळ्या बाकावर बसला. मी त्याच्याशी बोललो नाही. काय बोलणार?

हे मी मंडळात कधीच सांगितले नाही. ताईंनाही नाही. येथे लिहितो आहे, कारण हा अंक गावात कोणी वाचत नाही अशी माझी समजूत आहे, आणि वाचत असेल तर त्या मुलाने वाचावा अशीही एक इच्छा आहे.

डिसेंबरात मंडळाची गॅलोवेला सहल निघाली. त्या चित्रपटाचे बरेचसे चित्रण तिथल्याच गावांत, १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले. कथेतला महिना मे, प्रत्यक्षात हाडे गोठवणारी थंडी. बागा फुललेल्या दिसाव्यात म्हणून झाडांना खोटा मोहर चिकटवला होता, आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नटांनी बर्फाचे खडे चघळले असे सांगतात. आम्हीही तसेच कुडकुडत ॲनवॉथचे ते पडके देऊळ पाहिले, मग बरो हेडला गेलो. कड्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागे. पलीकडे सुट्टीत राहायच्या कारव्हॅनची वसाहत. कड्यावर पाहण्यासारखे म्हणाल तर काहीच नाही. पोराने फिडल काढली आणि ती चाल वाजवली. दोघातिघांनी सुरुवात केली. मी ओठ मिटून उभा राहिलो. माझ्या न गाण्याने कोणालाही काही फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. वाऱ्यात ते कोणालाच नीट ऐकू जात नव्हते.

परतीच्या गाडीत पोरगा शेजारी बसला होता. तो सहज म्हणाला, "मूळ पान पाहिले आहेस का?" ते हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, हार्ली ९७८ या क्रमांकाचे, रेडिंगच्या मठातून आलेले. पानाचे छायाचित्र त्याने मला पाठवले. मी ते छापून घेतले आणि रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून बघत बसलो. वर स्वरांची चौकोनी चिन्हे. त्याखाली काळ्या शाईत ते इंग्रजी शब्द : उन्हाळा, कोकिळा, गवत, गुरे. आणि त्याच्याखाली, त्याच स्वरांसाठी, लाल शाईत दुसरे शब्द, लॅटिनमधले. त्या लॅटिन शब्दांत उन्हाळा नाही, कोकिळाही नाही. ख्रिस्ताच्या बलिदानाचे ते गीत आहे. पित्याने आपल्या पुत्रालाही राखले नाही, त्याला मरणाच्या स्वाधीन केले, असा त्याचा आशय.

म्हणजे कड्यावर जी दोन गाणी एकमेकांवर तुटून पडली, त्यांतले एक दुसऱ्याच्या बाजूचेही होते. साडेसातशे वर्षे एकाच पानावर, एकाच चालीवर. चित्रपट करणाऱ्यांना हे ठाऊक होते की नव्हते यावर मंडळात पुढे तीन मंगळवार गेले. तो वाद मी येथे काढत नाही.

ताई रात्रपाळीहून आल्या तेव्हा मी तसाच बसलो होतो. पान त्यांच्यापुढे सरकवले आणि सांगितले. त्यांनी कोट न काढताच ते पाहिले. लाल ओळीवरून बोट फिरवले. "मग त्यांनी हे का नाही गायलं?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि तू तरी काळंच का गायलास?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. चहाचे आधण ठेवले, आले किसले, दोन कप काढले आणि समोर बसल्या.

"चाल कशी आहे ती? नीट ऐकलीच नाही मी त्या दिवशी. शब्द नकोत. नुसती म्हण."

मी नुसत्या आकारात म्हणू लागलो. ते चक्राकार गाणे आहे. एकाने सुरू करायचे, तो ठरावीक जागी पोचला की दुसऱ्याने पहिल्यापासून धरायचे, मग तिसऱ्याने, आणि कोणी कोणासाठी थांबायचे नाही. पानाच्या कडेला लॅटिनमध्ये तशी सूचनाही लिहिलेली आहे, हे मी त्यांना मध्येच थांबून सांगितले. ताईंनी कप खाली ठेवला.

"पुन्हा पहिल्यापासून म्हण. आणि मी कुठं शिरायचं ते दाखव."

दुसरा आवाज जिथे शिरतो, तिथे त्या लेखनिकाने स्वरांच्या मध्ये एक छोटी खूण करून ठेवली आहे. क्रुसाची. मी तिच्यावर बोट ठेवले आणि सुरुवात केली.